भुजंगबुवाचा उतारा

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगावर हात असू द्या महाराज, पण थाप मी खूण केल्यावर. आज अभंग नंतर, आधी एक प्रश्न! प्रश्न साधा आहे, उत्तर द्यायला मात्र घाम फुटेल.

चांगलं काम करणारे तुमच्या गावात पुष्कळ आहेत. हा मंडपच बघा ना, कुणीतरी दिलाय! नावसुद्धा लिहिलंय वर — केवढ्या अक्षरात! पांडुरंगाचं नाव त्याच्याखाली, बारीक! अहो, हसू नका, देणारे समोरच बसलेत. चांगलं केलंत दादा, मनापासून सांगतो, चांगलंच केलंत. पण मी विचारतो ते वेगळं आहे. चांगलं काम करायचं, आणि वरून नाव घालवून घ्यायचं! गावानं तोंडात शेण घालायचं, पोरांनी मागं टाळ्या पिटायच्या, आणि आपण मुकाट्यानं चालायचं. का? तर खरं सांगितलं तर दुसऱ्या कुणाची तरी मान खाली जाईल म्हणून! जमेल हो कुणाला? हात वर करा बघू. एकही हात नाही! माझाही नाही. पत्रिकेत माझं नाव बारीक छापलं तर मला रात्रीचं जेवण गोड लागत नाही, माझं काय घेऊन बसलात!

पण एकाला जमलं. कोण असेल? साधू? नाही. हिमालयातला तपस्वी? छे! एक देवऋषी — लिंबू कापणारा, अंगारा फुंकणारा, भुतं उतरवणारा देवऋषी! त्याचं नाव भुजंगबुवा. विठ्ठल! विठ्ठल!

आता तुम्ही म्हणाल, महाराज, हरिकीर्तनात हे जादूटोण्याचं काय काढलंत? अहो, ही काय आजची गोष्ट आहे? चार वेदांतला अथर्ववेद उघडा. हे तापा, तू दुसऱ्या मुलखात जा! — मंत्र आहे. शत्रू निस्तेज होऊ दे! — मंत्र आहे. सवतीचं तोंड काळं होऊ दे — त्यालाही मंत्र! माणूस जितका जुना, तितकी त्याची भीती जुनी, आणि भीती तिथं मंत्र आलाच. पुढं त्याचं शास्त्र झालं. जारण, मारण, मोहन, स्तंभन, उच्चाटन, वशीकरण. कुणी मूठ मारतंय, कुणी कणकेच्या बाहुलीला टाचण्या टोचतंय. आपल्या मराठवाड्यात तर भानामती! घरावर दगड काय पडतात, पेटीतलं लुगडं काय पेटतं, चांगली सुगरण बाई चुलीपुढं बसून कुत्र्यासारखी काय भुंकते! हसताय? ज्या जीपनं मला इथं आणलं ना, तिच्या पुढं लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली, आणि मधे मी! म्हणजे महाराजांवर भरवसा नाही, लिंबावर आहे!

तर असा तो काळ. निजामाचा अंमल. बालाघाटाच्या डोंगरात चिंचदरा नावाचं गाव, आणि त्या गावाचा देवऋषी हा भुजंगबुवा. नाव भुजंग, पण घरात साधी पाल निघाली तरी गडी खाटेवर चढून बसायचा! बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एक खोली, एक मोरपिसांचा कुंचा आणि एक डमरू, एवढाच संसार.

पण विद्या काय वर्णावी, मंडळी! लिंबू हातात घ्यायचा, डोळे पांढरे करायचा, सुरी फिरवायचा, की लिंबातनं लालभडक रक्त! बाया किंचाळायच्या. आता तुम्हाला म्हणून सांगतो, सुरीला जास्वंदीची फुलं चोळून वाळवलेली असायची. लिंबाचा रस लागला की लाल! लबाड होता का? होता. पण कसला गोड लबाड! आजाऱ्याच्या दंडाला गंडा बांधायचा आणि दटावून सांगायचा, "हा गंडा तालुक्याच्या दवाखान्याच्या उंबऱ्यावरून गेल्याबिगर लागू होत न्हाई. आत डागदर असतो, त्याच्या हातानं गंड्याला गुण येतो. त्यो देईल ती गोळी म्हणजे मपलाच अंगारा समजा." लोक निमूट जायचे! गोळी खायचे, बरे व्हायचे, आणि नारळ कुणाला? भुजंगबुवाला! बरं, सुनेच्या अंगात येतंय म्हणून सासू घेऊन आली, की हा सुनेला काही विचारायचा नाही. सासूला म्हणायचा, "भूत मोठं हट्टी हाय. त्याला म्हायेरचं पाणी लागतं. पंधरवडाभर म्हायेरी धाड." पोर माहेरी जाऊन पोटभर झोपायची, की भूत गेलं! सांगा आता, ही विद्या खोटी म्हणायची का खरी? मला तर बाई-माणसाच्या मनातलं इतकं ओळखणारा आजच्या मोठमोठ्यांतही सापडत नाही.

मग आला दुष्काळ. ओढा आटला, विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. ज्यांच्या घरी धान्याच्या कणग्या होत्या त्यांनी दारं ओढून घेतली, आणि ज्यांच्या घरी नव्हत्या त्यांनी पोटाला फडकी बांधली. त्या गावात गोजराबाई नावाची एक म्हातारी होती. एकटी, विधवा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात निंदण-खुरपण करून जगलेली. आता रानच करपलं तर खुरपायचं काय? काम नाही. आणि बाई कशी? ताठ! शेजारणीनं ताकाचा गडू पुढं केला तर म्हणायची, "ठेव माय, पोट भरलंय." तिकडं चूल दोन दोन दिवस थंड, आणि तोंडानं पोट भरलंय! असली माणसं असतात, मंडळी. हात पसरताना त्यांचा जीव जातो.

आता उतारा म्हणजे काय ते सांगतो, पोराटोरांना माहीत नसेल. आजाऱ्यावरून भाकरी, भात, लिंबू, नारळ असलं काही ओवाळायचं. त्याची बाधा त्यात उतरवायची. आणि दिवेलागणीला गावाबाहेर, तीन वाटा मिळतात त्या तिवाट्यावर नेऊन ठेवायचं. ठेवणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही! लावला तर ती बाधा त्याच्या अंगात. सकाळी जागा रिकामी दिसली की लोक म्हणायचे, घेतलं हो घेतलं, भुतानं घेतलं!

एके दिवशी सकाळी सकाळी भुजंगबुवा पाला आणायला तिवाट्याच्या बाजूला गेला. बघतो तर चिंचेच्या बुंध्याआड कुणीतरी बसलंय. गोजराबाई! हातात कालच्या उताऱ्यातली भाकरी. भाकरीवरचं कुंकू पदरानं पुसतेय, पुसतेय, पुन्हा पुसतेय, आणि तुकडा मोडून तोंडात घालतेय. कसं खाल्लं म्हणता? हावऱ्यासारखं नाही हो! सावकाश, मांडी घालून, पानावर बसल्यासारखं. आणि खाता खाता स्वतःशीच पुटपुटली, "कुणाचं न्हाई हे. भुताला दिल्यालं. भुताचे उपकार फेडावं लागत न्हाईत."

थांबा. जरा थांबा इथं. भुजंगबुवा दुसऱ्या झाडामागं उभा होता. पुढं जाऊन म्हणू शकला असता, गोजरामाय, चल माझ्याकडं, अर्धी भाकरी खा. पण ती आली असती का? आली नसती. आणि मग हे चिंचेखालचंही सुटलं असतं. त्याला ते तिथल्या तिथं कळलं. डोळ्यांत पाणी आलं गड्याच्या. पाऊल न वाजवता मागं फिरला.

आणि त्या दिवसापासून, मंडळी, चिंचदऱ्याच्या भुतांच्या आवडी बदलल्या!

आधी उतारा म्हणजे काय असायचा? शिळी भाकरी, नाहीतर मूठभर शिळा भात, आणि जळकी मिरची. आता बुवा डोळे पांढरे करून सांगायला लागला, "ताजी भाकरी पाह्यजे! संगं गुळाचा खडा पाह्यजे!" दुसऱ्या घरी, "ह्ये भूत कोकणातून आलंय, मऊ भात मागतंय, वर तूप मागतंय!" तिसऱ्या घरी कांदा, पिठलं. बायका आपसांत म्हणायच्या, "लई खवय्यं झालंय बाई भूत!" पण करून द्यायच्या. भिकाऱ्याला शिळा तुकडा न देणाऱ्या घरातनं भुताला तूप! वा रे भुता!

आणि थंडी आली तेव्हा तर कमालच. एका सावकाराच्या पायाला आग होत होती. बुवा म्हणाला, "उताऱ्यावर घोंगडं ठेवा."

सावकार म्हणाला, "बुवा, भुताला थंडी वाजते व्हय?"

"वाजते म्हंजी? अंगावर मांस न्हाई त्याच्या! तुमच्यापरीस जास्त वाजते!"

ठेवलं बिचाऱ्यानं घोंगडं! आणि दुसऱ्या दिवशी गोजराबाईच्या खोपीत घोंगडं. असे दिवस चालले. ह्याच्या स्वतःच्या घरात काय शिजत होतं, विचारू नका. दुष्काळात दक्षिणा कोण देणार? कुणी पसाभर दाणे दिले तर दिले. पण उताऱ्यातला एक घास त्यानं कधी उचलला नाही. तिवाट्याकडं तो फिरकायचासुद्धा नाही. आपल्याला बघितलं तर म्हातारी लाजेल म्हणून!

सांगा हो, ह्याला काय म्हणायचं? मंत्र म्हणायचा का लबाडी? मी तर ह्याला भक्ती म्हणतो. वाजवा! विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!

हं. आता ऐका, वीज कुठं पडली ते.

गावचा पाटील रंगराव. त्याची सून चंद्रा तापानं अंथरुणाला खिळली. बुवानं नेहमीप्रमाणे गंडा बांधला, नेहमीप्रमाणे सांगितलं, दवाखान्याच्या उंबऱ्यावरून न्या. पण पाटील! "पाटलाची सून दवाखान्याच्या रांगेत बसणार न्हाई. उतारा काढा." काढला. ताप उतरेना. पुन्हा काढला. पोरगी सुकत चालली. पाटील माणूस वाईट नव्हता बरं का, भ्यालेला होता. भ्यालेला माणूस आणि पिसाळलेला बैल, दोघांसमोर उभं राहू नये. आणि अशातच पाटलाचा गडी हणमंता धावत आला.

"पाटील, मपल्या डोळ्यानं बघितलं! गोजरी म्हातारी चंद्रावहिनीचा उतारा खात व्हती!"

"उतारा? खात व्हती?"

"सगळा! आन् तिला काय सुदिक झालं न्हाई! साधा जुलाब न्हाई!"

झालं! बघा डोकं कसं चालतं माणसाचं! उतारा खाऊन म्हातारीला काही होत नाही, म्हणजे उताऱ्यात काही नसतं. असं म्हटलं का कुणी? नाही! म्हणाले, उतारा पचवते म्हणजे चेटकीणच ती! चंद्राची बाधा तीच पाठवते आणि तीच परत खाते! अहो, एवढं सरळ समोर आलेलं खरं ह्या लोकांनी उलटं करून डोक्यावर घेतलं.

आणि चेटकिणीला काय करायचे त्या काळी, माहीत आहे? दात पाडायचे! दगडानं! का? मंत्र नीट म्हणता येऊ नये म्हणून. मग डोकं भादरायचं आणि शिवेबाहेर हाकलायचं. हे मी मनानं सांगत नाही मंडळी, असं घडलेलं आहे, आपल्याच मुलखात, आपल्याच आया-आज्यांबरोबर.

पण त्यालाही एक रीत होती. पंचांनी नुसतं म्हणून चालायचं नाही. देवऋषीनं दाणे बघायचे. सुपात ज्वारी घ्यायची, संशयित बाईचं नाव घ्यायचं, चिमूट उचलायची आणि दाणे जोडीनं मांडायचे. जोड्या पुऱ्या झाल्या तर बाई सुटली. एक दाणा उरला तर तीच चेटकीण. म्हणजे त्या म्हातारीचे दात, तिचं घर, तिचा जीव कुणाच्या चिमटीत? भुजंगबुवाच्या!

दुपार टळत होती. तिवाट्यावर सगळं गाव गोळा. मधे सूप. शेजारी चंद्राचा नवा उतारा, पाटलीणबाईंनी आत्ताच ओवाळून पाठवलेला, भाकरी आणि गूळ. एका बाजूला गोजराबाई उभी. रडत नव्हती. पदर नीट खांद्यावरून घेऊन ताठ उभी होती, पण ओठ घट्ट मिटलेले. दात झाकून घेतले होते हो तिनं, ओठांनी!

भुजंगबुवानं बघितलं ते. भाकरी कुणी मागवली होती? त्यानं. तिला इथवर कुणी आणलं? त्यानंच, चांगलं करायला जाऊन!

पण गडी हुशार. वर्षानुवर्षं चिमूट उचललेली. नाव घेतलं, "गोजराबाई!" चिमूट उचलली, बोटांत सरकवायचा तो दाणा सरकवला, आणि मांडली. जोडी, जोडी, जोडी, पुऱ्या!

"सुटली!" बुवा ओरडला. "देवानं कौल दिला, पाटील! न्हाई ही!"

गोजराबाईनं श्वास सोडला. पण पाटील जागचा हलला नाही.

"ही न्हाई? मग कोण?" पाटलानं विचारलं. "सून मरायला टेकलीय मपली. कुणीतरी असलंच. बुवा, दुसरं नाव घ्या. ती कुंभाराची सखू घ्या. तिची नजर बरी न्हाई."

गर्दीतनं सखूनं हंबरडा फोडला. आणि भुजंगबुवानं मान वर करून बघितलं. सगळ्या बायका मागं सरकत होत्या. एकीनं दुसरीच्या मागं तोंड लपवलं. प्रत्येकीला वाटतंय, पुढचं नाव माझं! त्या क्षणी त्याला उमजलं. गोजरा सुटली तर सखू. सखू सुटली तर तिसरी. एक दाणा लपवून किती जणींचे दात वाचवणार? सूप जोवर शाबूत आहे, आणि सुपावर विश्वास जोवर शाबूत आहे, तोवर कुणीतरी पडणारच!

मग? मंडळी, सांगा, काय करावं त्यानं? एक वाट होती. खरं सांगून टाकायचं. ही म्हातारी उपाशी होती, तिला खाऊ घालायला मी भुताचं नाव केलं! कदाचित गाव वाहवा म्हणालं असतं. कदाचित खांद्यावर घेतलं असतं. आणि गोजराबाई? आयुष्यात ज्या बाईनं ताकाचा गडू घेतला नाही, तिची भूक सगळ्या गावापुढं उघडी पडली असती. तिनं मान खाली घातली असती आणि ती पुन्हा वर केली नसती. दात वाचले असते, बाई गेली असती.

भुजंगबुवानं सूप उचललं आणि उलटं केलं! सगळे दाणे मातीत!

"पाटील," तो म्हणाला, "बंद करा ह्ये सोंग. लबाडी मपली हाय."

"कसली लबाडी?"

"दाण्यात कौल नसतो. मी हातचलाखी करतो. आन् उताऱ्यात बाधा नसते. भाकरी मागायचा कोण? भूत? अवो, भूत गूळ कशाला मागंल? गूळ मला आवडतो! तूप मला आवडतं! दुष्काळात मपल्या घरी दाणा न्हाई, म्हणून तुमच्याकडनं भुताच्या नावानं मागवून मीच खायचो! ह्या पोटात घातलं सगळं!" आणि त्यानं पोटावर थाप मारली. "ह्या म्हातारीनं एकांदा सांडल्याला तुकडा उचलला आसंल. तिचा काय गुन्हा? चोर मी हाय!"

आणि मंडळी, पोट कुठलं हो ते! पाठीला चिकटलेलं! बरगड्या दिसत होत्या गड्याच्या, उसाच्या चिपाडासारखा झाला होता. तूप खाणारा माणूस असा दिसतो? पण रागावलेल्या गावाला डोळे नसतात. कुणी बघितलंच नाही. एकीनंच बघितलं. गोजराबाईनं.

तिनं तोंड उघडलं. बोलणार एवढ्यात भुजंगबुवानं तिच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. काय होतं त्या नजरेत? विनवणी होती. माय, बोलू नको, माझं एवढं दान वाया घालवू नको. आणि त्या ताठ बाईनं ओठ पुन्हा मिटले. ह्या वेळी दात झाकायला नाही.

पण पाटलाला कुठं पटतंय! "खोटं! उतारा खाऊन तू जित्ता कसा?"

"बघायचंय?" बुवा खाली बसला. चंद्राचा उतारा पुढं ओढला. गर्दी फुटली, लोक मागं पळाले, पोरांचे डोळे आयांनी झाकले. त्यानं भाकरी मोडली, गुळाबरोबर खाल्ली, सगळी खाल्ली, आणि वर पाणी प्यायला. आता पडतो, मग पडतो, गाव श्वास रोखून बघतंय! पडला का? पडला नाही. कित्येक दिवसांनी पोटात भाकरी गेली होती, उलट चेहऱ्यावर रंग आला! आणि मग तो उठून पाटलाच्या पायाशी बसला.

"चंद्राची बाधा ह्या भाकरीत असती तर मी मेलो असतो, पाटील. बाधा हितं न्हाई. ती अजून पोरीच्या अंगात हाय. मपल्यानं ती उतरत न्हाई, कधीच उतरत न्हवती! बैल जुपा. आत्ताच्या आत्ता जुपा. मला मारायचं तर माघारी येऊन मारा."

पाटलानं त्याच्या थोबाडीत दिली. सणसणीत! हातातला मोरपिसांचा कुंचा हिसकून मोडला. ज्यांच्या घरचं तूप गेलं होतं ते धावून आले. जो तो मारतोय, डमरू फुटला, तोंडाला काळं फासलं. पण ऐका, मंडळी, त्या गलक्यात, एका बाजूनं, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला! पाटलानं गाडी जुंपायला सांगितली होती.

चंद्रा वाचली. मुदतीचा ताप होता, तालुक्याच्या डॉक्टरनं बरा केला. आणि चिंचदऱ्यात त्यानंतर कुठल्याही बाईच्या नावानं दाणे मांडले गेले नाहीत. कसे मांडणार? मांडणाऱ्यानंच सूप उलटं केलं होतं! पिढ्यान्पिढ्यांचा तो वरवंटा एका काडीपैलवान देवऋषीनं थांबवला. कशाच्या बळावर? स्वतःच्या नावावर काळं ओतून!

आणि नाव कसलं पडलं म्हणता! "भुताचा खादाड!" पोरं मागं लागायची, "ए खादाड, गूळ पाह्यजे का?" लग्नात पंगतीला बसला तर वाढपी पुढं निघून जायचा. कुणी दारात उभं करीना. एका शब्दानं सगळं फिटलं असतं. एक शब्द, खरं काय ते! तो बोलला नाही. खाली बघून हसायचा आणि चालायला लागायचा.

आणि एके दिवशी भर दुपारी, सगळं गाव पारावर बसलेलं असताना, गोजराबाई चालत आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. पाऊस झाला होता, रानात कामं निघाली होती, पहिल्या मजुरीची ज्वारी. ती लपत आली नाही. पारावरून, सगळ्यांच्या देखत, भुजंगबुवाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भुजंगा, भाकरी हाय. खा."

"माय, पोट भरलंय मपलं."

"भरलंय व्हय? अजून त्या तिवाट्यावरच्याच भाकरीवर?" म्हातारी खाली बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "लबाडा, बरगड्या दिसतात तुपल्या. गूळ कुणी खाल्ला ते मला ठावं हाय."

भुजंगबुवा गडबडला. "कवापासनं?"

"घोंगडं ठेवाया लावलंस तवापासनं. भुताला घोंगडं लागत न्हाई, येड्या."

"मग घेत का ऱ्हायलीस?"

"तू येवढ्या मनानं खोटं बोलत व्हतास. तुपलं मन मोडवंना." तिनं फडकं सोडलं आणि भाकरी त्याच्या हातात दिली. "आता खा. ह्ये भुताचं न्हाई, मपल्या हातचं हाय. उपकार वाटलं तर वाटू दे. मी घेतलं, आता तू घे."

आणि तो माणूस रडला, मंडळी! थोबाडीत बसली तेव्हा रडला नव्हता, काळं फासलं तेव्हा रडला नव्हता. त्या एका भाकरीपुढं ढसाढसा रडला, आणि रडत रडत खाल्ली.

तो गेला तेव्हा त्याला खांदा द्यायला लोक पुढं येईनात. तेव्हा ती म्हातारी काठी टेकत तिवाट्यावर उभी राहिली आणि ओरडून तिनं सगळ्या गावाला सांगितलं. काय सांगितलं? की उपाशी मी होते! भाकरी मी खात होते! तूप मी खाल्लं, घोंगडं मी पांघरलं, आणि चोर म्हणून ह्यानं नाव सांगितलं स्वतःचं! ज्या बाईनं आपली भूक जन्मभर झाकली, तिनं ती भर रस्त्यात उघडी केली. त्याच्यासाठी! मान खाली घालून नाही, वर करून! मग पाटील रंगराव स्वतः पुढं झाला आणि त्यानं खांदा दिला.

विठ्ठल! विठ्ठल! टाळ वाजू द्या! ... बास. थांबवा.

डोळे पुसताय? पुसा. पण कथा संपली असं समजून उठू नका. आता पाळी तुमची आहे.

आज सकाळी तुमच्या ओढ्यावर अंघोळीला गेलो होतो. येताना तीन रस्ते मिळतात तिथं हे दिसलं. बघा! हा नारळ! हळद-कुंकू आहे, काळा दोरा आहे, तुमच्याच गावातल्या कुणीतरी ठेवलेला! — अहो टाळकरी, कुठं निघालात? दोन पावलं मागं? गळ्यात टाळ आहेत, कपाळाला बुक्का आहे, आणि नारळाला भिता? ज्यानं हा ठेवला त्याच्या घरात कुणीतरी आजारी असणार. त्याला मी ह्या मांडवातून हात जोडून सांगतो, बाबा, तुझं नाव सांगू नको, पण आजाऱ्याला उद्या दवाखान्यात ने. गाडी नसेल तर माझ्या जीपमधून ने. लिंबू-मिरची पुढं आहेच!

आणि बाकीच्यांनो, तुमच्यासाठी हा मी फोडतो. हे बघा, फोडला. पाणी गोड आहे. खोबरं पांढरं आहे. पहिला तुकडा मी खातो. हं! उभा आहे, बोलतोय. आता दुसरा कोण घेतो?

कुणी नाही? अहो, भूतबीत काही नाही, हे तुम्हालाही माहीत आहे! तुम्हाला भुताची भीती नाही. तुम्हाला भीती आहे शेजाऱ्याची! मी पहिला उठलो तर हा काय म्हणेल, ती काय म्हणेल, उद्या घरात कुणी शिंकलं तरी बोट माझ्याकडं येईल! एवढंसं नाव सांभाळायला केवढी धडपड! आणि तिकडं एकानं सगळंच्या सगळं नाव मातीत टाकलं, एका म्हातारीची मान ताठ राहावी म्हणून. आता मघाचा माझा प्रश्न पुन्हा विचारू? नको. प्रश्न नाही विचारत. नुसता हा हात पुढं धरून उभा राहतो. कितीही वेळ लागू दे.

... कोण ते मागं उठतंय? आजी? या, या आजी, सावकाश या. वाट द्या हो त्यांना! धरा त्यांचा हात, सुनबाई! घ्या आजी. खाल्लंत? गोड आहे? बघा, हसल्या! मंडळी, आजींच्या तोंडाकडं काय बघत बसलाय? घ्या देवाचं नाव आणि लावा रांग!